केअर सेंटरमधली आई उठत नाही, चालत नाही: हे डिप्रेशन समजावं का?

प्रश्न: आई ७८ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. बाबा गेल्यावर घरी सांभाळणं जमेना, म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिला पुण्याजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. तिथे गेली तेव्हा दिवसभर व्हरांड्यात फेऱ्या मारायची, ‘घरी चल’ म्हणून मागे लागायची. गेल्या दीड-दोन महिन्यांत मात्र ती खुर्चीतून उठत नाही, उठवलं तर अंग टाकते, जेवण अर्धं राहतं. सेंटरवाले म्हणतात, आजार पुढच्या टप्प्यात गेला. त्यांचे डॉक्टर डिप्रेशनची गोळी सुरू करू म्हणतात. माझा भाऊ म्हणतो, आठवड्यातून दोनदा फिजिओ लावू. काय करावं?

उत्तर: तिघांच्याही म्हणण्यात थोडंफार तथ्य असेल. पण गोळी आणि फिजिओ या पुढच्या गोष्टी झाल्या. आधी हे शोधायला हवं की दीड-दोन महिन्यांपूर्वी नेमकं काय बदललं. मी वृद्धांची मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझा बराचसा आठवडा अशा सेंटरांमध्येच जातो. तिथे ‘विसरतात’ यापेक्षा ‘उठत नाहीत’ ही तक्रार जास्त कानावर येते. विसरणाऱ्या माणसाला एक मावशी सांभाळू शकते, न उठणाऱ्याला उचलायला दोघी लागतात.

‘आजार वाढला’ या वाक्यापासून सुरुवात करू, कारण ते ऐकलं की घरचे लोक पुढचं काही विचारत नाहीत. अल्झायमरमध्ये माणसाच्या क्षमता साधारण ठरलेल्या क्रमाने जातात. न्यूयॉर्कच्या बॅरी राइसबर्ग यांनी या क्रमाचे ७ टप्पे मांडले, ‘फास्ट’ या नावाने ते जगभर वापरले जातात. कपडे घालणं, आंघोळ, लघवी-संडासवरचा ताबा हे सहाव्या टप्प्यात जातं. सातव्यात आधी बोलणं आटतं, दिवसभरात पाच-सहा शब्द, मग एखादाच. चालणं जातं ते त्याच्याही नंतर. तुमची आई अजून वाक्यात बोलते का? ‘पाणी दे’, ‘कधी आलीस?’ एवढं जरी म्हणत असेल, तर चालणं जाण्याची पाळी अजून आलेली नव्हती. पाळी सोडून एखादी गोष्ट गेली की ती आजाराच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

याला अपवाद आहेत. डिमेन्शिया म्हणजे विस्मरण वाढत जाणारे आजार, अल्झायमर हा त्यातला एक. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया आणि लेवी बॉडी डिमेन्शिया, या दोन्हींत चाल लवकर बिघडते, आणि कागदावर ‘अल्झायमर’ लिहिलेल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात मिश्र आजार असतो. आईला बीपी, शुगर असेल, किंवा तिला नसलेली माणसं आणि जनावरं दिसत असतील, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पण या आजारांतही चाल सहसा वर्ष-दोन वर्षांत हळूहळू बिघडत जाते. मधेच एकदम घसरली तर छोटा स्ट्रोक, नवं औषध, जंतुसंसर्ग किंवा दुखापत शोधायची.

म्हणून वेग महत्त्वाचा. परवापर्यंत चालणारा माणूस आज उठत नसेल, तर ती त्याच दिवशी तपासण्याची गोष्ट आहे: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, स्ट्रोक, डोक्याला मार लागून आत साठलेलं रक्त, किंवा कोणाच्याही लक्षात न आलेलं खुब्याचं फ्रॅक्चर. हे शेवटचं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं. डिमेन्शियाचा पेशंट ‘मी रात्री पडले’ असं सांगत नाही. आईला सरळ झोपवून दोन्ही पाय बघायला सांगा. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, हलवताना ती कळवळत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय तिला उभं करू नये. तुमच्या आईचं घसरणं काही आठवड्यांतलं आहे. त्या वेगात औषधं, दुखणं आणि डिप्रेशन हे तीन मोठे संशयित येतात, आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त सापडतात.

तुमच्या मजकुरातली एक गोष्ट मला खटकली. दिवसभर फेऱ्या मारणारी, ‘घरी चल’ म्हणून मागे लागणारी बाई शांत झाली. आपोआप झाली की कोणी केली? मी कोणावर आरोप करत नाही. पण रात्रपाळीला एक मावशी आणि बारा-पंधरा पेशंट असले की ‘जरा शांत राहायची गोळी’ मागितली जाते आणि डॉक्टर ती लिहून देतात. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, ओलॅन्झापिन, क्वेटियापिन ही त्यातली नेहमीची नावं. यातल्या पहिल्या दोन-तीन औषधांनी वृद्धांना पार्किन्सनसारखी लक्षणं येतात: चेहरा कोरा, पापण्या कमी लवतात, तोंडातून लाळ, हात अंगाला चिकटलेले, पावलं घासत, आणि खुर्चीतून उठताना माणूस अर्ध्यात थिजतो. बघणाऱ्याला वाटतं, उदास झालीये. क्वेटियापिनमुळे ही लक्षणं कमी वेळा येतात, पण झोप आणि उभं राहताना बीपी पडणं जास्त. डिमेन्शियाच्या वृद्धांत या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच दिला आहे. कधी कधी ती लागतात, हेही खरं. पण लागली तर थोडक्या दिवसांसाठी आणि ठरावीक तारखेला फेरविचार करून.

आता असं औषध जे कोणाच्या डोळ्यावर येत नाही. आपल्याकडे ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर लेवोसल्पिराइड घातलेलं असतं. ‘गॅसची गोळी’ म्हणून ती महिनोन्‌महिने चालू राहते, आणि तीही हेच पार्किन्सनसारखं चित्र उभं करू शकते. चक्करसाठी दिलेलं सिन्नारिझिन, प्रोक्लोरपेराझिन किंवा अर्धशिशीचं फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, सगळी त्याच वाटेवरची. एका आजोबांना ‘गंभीर डिप्रेशन’ म्हणून माझ्याकडे आणलं होतं. चेहरा दगडासारखा, उत्तर द्यायला इतका वेळ की मुलगा मधेच बोलून टाकायचा. मनगट धरून हात कोपरात हळू वाकवला तर तो दातेरी चाकासारखा अडखळत वाकत होता. पिशवीतल्या स्ट्रिपा टेबलावर ओतल्या तर पोटाच्या कॅप्सूलमध्ये लेवोसल्पिराइड. दुसरी कुठलीही गोळी न वाढवता फक्त ती बदलली. असा परिणाम ओसरायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात, त्यामुळे घरच्यांचा धीर सुटतो. आजोबा व्हरांड्यापर्यंत यायला लागले तोवर मुलाने दुसरा डॉक्टर शोधायला घेतला होता.

तेव्हा पहिलं काम असं करा. सेंटरमधून औषधांचा चार्ट मागा, आताचा आणि आठ महिन्यांपूर्वीचा, दोन्ही. शेजारी ठेवून वाचा. मधल्या काळात काय वाढलं, कोणत्या तारखेला वाढलं, आणि चालणं कधी कमी झालं, हे एका कागदावर लिहा. झोपेसाठीची अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, पायांच्या मुंग्यांसाठीची ॲमिट्रिप्टिलिन, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या गोळ्या, यांच्यावर खूण करा. ॲमिट्रिप्टिलिन हे जुनं डिप्रेशनचंच औषध, पण स्मरणशक्ती आणखी बिघडवतं, लघवी अडवतं. विस्मरणासाठीचं डोनेपेझिल चालू असेल तर नाडीचे ठोके मोजायला सांगा, त्याने ते मंदावतात आणि भूकही मरते. यातलं काहीही स्वतः बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा.

दुसरा संशयित दुखणं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघे दुखत नाहीत असं होत नाही, फक्त आईला ते सांगता येत नाही. ‘दुखतंय का?’ विचारलं की ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण बसलेली असताना दुखत नसतं. हे विचारायची योग्य व्यक्ती म्हणजे आंघोळ घालणाऱ्या मावशी. पाय उचलताना आई हात झटकते का, कण्हते का, मूठ आवळते का, हे त्यांना माहीत असतं. श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजावल्यावर शांत होते का, या पाच गोष्टींवरून दुखणं मोजायची ‘पेनॅड’ नावाची पट्टी आहे. पाच मिनिटांत होते, आणि ती उठवताना वापरायची असते, बसलेली असताना नाही. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममधल्या साडेतीनशे रहिवाशांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डिमेन्शियाच्या चिडचिड्या पेशंटांना ८ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक दिलं, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. चिडचिड कमी झाली, आणि त्याच माहितीच्या पुढच्या विश्लेषणात मनःस्थितीही सुधारलेली दिसली. म्हणून डिप्रेशनच्या गोळीआधी डॉक्टरांना विचारा: लिव्हर ठीक असेल तर पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखण्याची वाट न बघता, दोन-तीन आठवडे देऊन बघू या का?

बारीकसारीक गोष्टीही बघून घ्या. चार दिवस पोट साफ नसेल तर माणूस उठत नाही, जेवत नाही आणि चिडतो. पायाची नखं बघा. डिमेन्शिया सेंटरमध्ये मी सॉक्स काढायला लावते तेव्हा नर्सला कंटाळा येतो हे मला कळतं, पण बोटात रुतलेलं नख असेल तर कोण चालेल? चपला बघा. ओल्या फरशीवर रबरी स्लिपर ही पडण्याची सोय आहे. मागे पट्टा असलेली, घट्ट बसणारी, न घसरणाऱ्या तळाची चप्पल आणा. चष्मा तिचाच आहे का, शेजारणीचा नाही ना? हसू नका, हे होतं. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, शुगर आणि सोडियम. सोडियमबद्दल पुढे परत बोलते.

आणि खुर्ची. सेंटरमध्ये हॉलमध्ये सोफे असतात, देणगीतून आलेले, मऊ आणि खोल. त्यात बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात. तिथून उठायला माझीच दमछाक होते. आईला हात असलेली, टणक बैठकीची, साधारण १८ इंच उंचीची खुर्ची हवी, कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील अशी. कित्येक ‘न उठणाऱ्या’ आजी नुसती खुर्ची बदलल्यावर उठलेल्या आहेत.

आता डिप्रेशन. ते नाही असं मी म्हणत नाही. डिमेन्शियात डिप्रेशन अगदी नेहमी दिसतं, फक्त ते पुस्तकातल्यासारखं दिसत नाही. ‘मला उदास वाटतं’ असं आई म्हणणार नाही. ती ताट सरकवेल, पहाटे तीनला जागी होऊन पडून राहील, तोंड भिंतीकडे करेल, जवळ गेलेल्याला हाड्‌तुड करेल. ‘मला कशाला जगवताय’, ‘तुमच्यावर भार झाले’ असं काही मधेच बोलून जाईल. अल्झायमरमधल्या डिप्रेशनसाठी २००२ साली तज्ज्ञांनी जे निकष मांडले त्यात म्हणूनच चिडचिड आणि माणसांतून अंग काढून घेणं यांना जागा दिली, आणि लक्षणं रोज दिसलीच पाहिजेत ही अट सैल केली.

याच्याशी गल्लत होते ती उदासीनतेची, इंग्रजीत ज्याला ॲपथी म्हणतात तिची. ती मेंदूच्या पुढच्या भागाच्या बिघाडाने येते. अशा माणसाला दुःख नसतं, सुरुवात करणं जमत नसतं. दिवसभर भिंतीकडे बघत बसेल, पण नातू समोर आला, हातात टाळ दिले, की चेहरा फुलतो आणि पाच मिनिटांनी परत मावळतो. डिप्रेशनमध्ये नातू आला तरी डोळे भरतात किंवा मान वळते. ॲपथीला डिप्रेशनच्या गोळीचा उपयोग नसतो, उलट काही गोळ्यांनी ती वाढते. हा फरक तुम्ही, तिची मुलगी, कुठल्याही चाचणीपेक्षा चांगला ओळखाल. पुढच्या भेटीत तिला आवडणारी एक गोष्ट घेऊन जा आणि तिच्या डोळ्यांकडे बघा.

डॉक्टरांनी डिप्रेशन कसं ठरवलं, हे विचारायला संकोच करू नका. पेशंटला प्रश्न विचारून भरायच्या नेहमीच्या प्रश्नावल्या विस्मरण वाढलं की भरवशाच्या राहत नाहीत. त्यासाठी कॉर्नेल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये खास पट्टी केली: १९ मुद्दे, प्रत्येकाला ० ते २ गुण, माहिती आधी सांभाळणाऱ्याकडून आणि मग पेशंटला भेटून, गेल्या आठवड्याभरातली. १० च्या वर गुण गेले की डिप्रेशनचा दाट संशय. तिच्यातला एक मुद्दा हालचाली मंदावण्याचा आहे, एक भूक कमी होण्याचा, एक वजन घटण्याचा. म्हणजे औषधाने ताठरलेला, गुडघा दुखणारा माणूस काही गुण फुकट मिळवून जातो. म्हणूनच मी आधी औषधं आणि दुखणं निस्तरायला सांगितलं. शिवाय पट्टी भरताना कोणाला विचारलं यावर सगळं अवलंबून असतं. मॅनेजर म्हणतील ‘छान असतात’, रात्रपाळीच्या मावशी म्हणतील ‘रडतात हो, उशी ओली असते’.

डिप्रेशन आणि चालणं एकमेकांत अडकतात, हे तर आहेच. मन नाही म्हणून उठणं नाही, उठणं नाही म्हणून पायांतली ताकद जाते, आणि ताकद गेली की पडण्याची भीती. हे किती वेगाने होतं याचा अंदाज घरच्यांना नसतो. अमेरिकेत २००७ साली सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना मुद्दाम १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तेवढ्यात पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. ती माणसं निरोगी होती आणि नीट जेवत होती. तुमची आई दीड महिना अर्ध्या ताटावर बसून आहे.

मग गोळी द्यायला काय हरकत? हरकत अशी की तिचा उपयोग आपल्याला वाटतो तेवढा नाही. इंग्लंडमध्ये डिमेन्शिया आणि डिप्रेशन दोन्ही असलेल्या ३२६ जणांवर सर्ट्रालिन, मिर्टाझापिन आणि नुसती बिनऔषधी गोळी यांची तुलना झाली, निकाल २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. १३ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते. दुष्परिणामांचा त्रास मात्र बिनऔषधी गटात २६ टक्क्यांना, सर्ट्रालिनवाल्यांत ४३ टक्क्यांना, मिर्टाझापिनवाल्यांत ४१ टक्क्यांना. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य आणि मध्यम डिप्रेशनसाठी डिमेन्शियाच्या पेशंटला सरसकट गोळ्या देऊ नयेत. आणि चालण्याच्या दृष्टीने मला जास्त काळजी वाटते ती वेगळीच: या गोळ्यांनी पडण्याचं प्रमाण वाढतं, आणि वृद्धांचं, विशेषतः बीपीसाठी पाणी काढायची गोळी चालू असलेल्या बायकांचं, सोडियम घसरतं. सोडियम घसरलं की झापड येते, पाय लटपटतात, गोंधळ वाढतो. मग म्हणतात, डिप्रेशन वाढलं, डोस वाढवा.

तरीही काही जणांना मी गोळी देते. अन्नपाणी सोडलंय, वजन झपाट्याने उतरतंय, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचं बोलणं आहे, किंवा तरुणपणापासून डिप्रेशनचे झटके येऊन गेलेत आणि तेव्हा औषधाने बरं वाटलेलं आहे, तर थांबायचं नाही. सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्रॅम अगदी कमी डोसाने, एसिटालोप्रॅमआधी ईसीजी, दोन आठवड्यांनी सोडियम, आणि दोन महिन्यांत फरक नसेल तर हळूहळू बंद. आईच्या आयुष्यात असं काही पूर्वी झालं होतं का? बाळंतपणानंतर, कोणी गेल्यावर? आपल्याकडे त्याला डिप्रेशन म्हटलेलं नसतं, ‘तेव्हा ती वर्षभर बोलत नव्हती’ एवढंच घरात माहीत असतं. तेवढंही डॉक्टरांना पुरतं.

तुमच्या भावाच्या फिजिओकडे येऊ. व्यायामाने मन सुधारतं हे तरुणांबद्दल आपण सारखं ऐकतो. केअर होममध्ये ते तितकं सरळ निघालं नाही. इंग्लंडमधल्या ७८ केअर होममध्ये, जवळजवळ ९०० रहिवाशांमध्ये, नेमका तुमच्या भावाचाच प्रयोग झाला: आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, फिजिओथेरपिस्टने घेतलेला गटाचा व्यायाम, वर्षभर. डिप्रेशनवर काहीही परिणाम दिसला नाही. निकाल २०१३ चा. स्वीडनमधल्या उमेओ इथे डिमेन्शिया असलेल्या १८६ रहिवाशांपैकी अर्ध्यांना ४ महिने उभ्याने करायचे जोरकस व्यायाम दिले, अर्ध्यांना तेवढाच वेळ बसून गप्पा, गाणी, वाचन. व्यायामवाल्यांचा तोल सुधारला. डिप्रेशनमध्ये दोन गटांत फरक पडला नाही, पण ज्यांना सुरुवातीला जास्त डिप्रेशन होतं ते दोन्हीकडे सुधारले.

हा स्वीडनचा निकाल मी सेंटरच्या मालकांना पुनःपुन्हा सांगते. पायांना व्यायाम लागतो, तो तोल आणि ताकदीसाठी. मनाला लागतं ते कोणीतरी आपल्यापाशी थांबणं. आठवड्यातले दोन तास फिजिओ येऊन गेला आणि उरलेला सगळा वेळ आई टीव्हीसमोर बसली, तर बिल येईल, बाकी काही होणार नाही. फिजिओ जरूर लावा, पण त्याला काम वेगळं द्या: पहिल्या दोन आठवड्यांत आईला कसं उठवायचं, हे दोन्ही पाळ्यांच्या मावशींना शिकवायचं, आणि मग पंधरा दिवसांतून एकदा येऊन तपासायचं.

उठवणं म्हणजे काय ते सांगते, कारण ‘उठवलं तर अंग टाकते’ हे बहुधा उठवण्याच्या पद्धतीमुळे होतं. नेहमी काय चालतं? दोघी दोन्ही बाजूंनी काखेत हात घालतात, ‘चला आजी, उठा उठा, चला’ म्हणत वर खेचतात. आईला कळत नाही की काय होतंय, ती घाबरून मागे रेलते, आणि खांदा दुखावतो तो वेगळाच. त्याऐवजी समोर बसा, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. नाव घेऊन हाक मारा, ‘आजी’ नव्हे, तिचं नाव किंवा माहेरचं लाडकं नाव. ती बघेपर्यंत थांबा. मग एका वेळी एकच गोष्ट. ‘पुढे सरका.’ थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, तेवढा वेळ तिच्या मेंदूला लागतो. पावलं मागे घ्यायला लावा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात खुर्चीच्या हातांवर. मग ‘वाका माझ्याकडे’, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं. आता वजन पायांवर आलं, आता ती स्वतः उठेल किंवा तिला फक्त पाठीवर हात लागेल. उभी राहिल्यावर लगेच चालवू नका, चक्कर येते का ते बघा. आणि चालवताना समोर उभं राहून दोन्ही हात धरून मागे मागे चालत ओढू नका, तिला पुढची जमीन दिसत नाही. बाजूला, अर्धं पाऊल मागे. चालताना गप्पाही मारू नका. बोलता बोलता ज्यांचं पाऊल थांबतं ते पुढे जास्त पडतात, हे उमेओतल्याच डॉक्टरांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं.

कुठे चालायचं, हे त्याहून महत्त्वाचं. ‘चला फिरायला’ या वाक्याला डिप्रेशनमधला माणूस ‘नको’च म्हणतो. चहा खुर्चीपाशी आणून देण्याऐवजी व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवायचा. सकाळी देवाला फूल वाहायला, संध्याकाळी दिवा लावायला, मेथी निवडायला, वाती वळायला. आईला मेथी निवडायचा आयुष्यभर कंटाळा आला असेल तर मेथी नको, ती शिक्षिका असेल तर वह्यांचा गठ्ठा द्या. सिएटलच्या लिंडा टेरी यांनी १९९७ साली दाखवलं की घरच्यांना अशा आवडीच्या गोष्टी शोधून रोजच्या दिवसात बसवायला शिकवलं, तर पेशंटचं आणि सांभाळणाऱ्याचंही डिप्रेशन कमी होतं. ही यादी सेंटर करू शकत नाही, ती तुम्हालाच करून द्यावी लागेल. त्यांना आई आठ महिने माहीत आहे.

आणि डायपर. दिवसा डायपर लागला की आईच्या चालण्यातलं सर्वांत खात्रीचं कारण गेलं. दिवसातून पाच-सहा वेळा बाथरूमपर्यंत जाणं-येणं हाच तिचा खरा व्यायाम. रात्री ठीक, पण दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर बाथरूमला न्यायचं, असं लेखी ठरवून घ्या. मावशींचं काम वाढतं, त्यामुळे कुरकुर होईल. दिवाळीच्या बक्षिसाची वाट न बघता त्यांच्याशी जरा बोला, त्यांचे हात दुखतात का विचारा. उचलण्यापेक्षा उठवणं त्यांच्याही कमरेला बरं, हे एकदा समजलं की त्या करतात.

सेंटर चालवायला का बिचकतं, त्याचं उत्तर मात्र तुमच्याकडे आहे. पेशंट पडला की नातेवाईक येऊन आरडाओरडा करतात, कोणी पोलिसात जाण्याची भाषा करतं. बसून राहिल्याने पाय गेले म्हणून आजवर कोणी भांडायला आलेलं नाही. साहजिकच आजींना खुर्चीत बसवून समोर टेबल अडकवणं, नाहीतर ओढणीने बांधणं सोपं जातं. बांधल्याने इजा टळत नाही, सुटायच्या धडपडीत ती वाढते. तेव्हा तुम्ही आणि भावाने मिळून एक पत्र द्या: आईने चालावं अशी आमची इच्छा आहे, त्यात ती पडू शकते हे आम्हाला मान्य आहे, योग्य काळजी घेऊनही पडली तर आम्ही दोष देणार नाही. आणि पत्रावर खरोखर ठाम राहा. परदेशातल्या मामांचा फोन आला तरी.

‘घरी चल’चं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी ते मनात असेल. ती म्हणायची तेव्हा तुम्ही विषय बदलत असाल, ‘उद्या नेते’ म्हणत असाल. त्यापेक्षा ‘घरी काय करायचंय आधी?’ असं विचारून बघा आणि हात धरून चालत चालत ऐका. भेटायची वेळ शक्यतो तिच्या बऱ्या वेळेची ठेवा. डिप्रेशनमध्ये सकाळ वाईट जाते, डिमेन्शियात संध्याकाळ, म्हणून बऱ्याच जणांना साडेदहा-अकराची वेळ मानवते.

एक साधी वही सेंटरमध्ये ठेवायला सांगा. रोज तीन नोंदी: किती वेळा उभी राहिली, ताटातलं किती खाल्लं, हसली किंवा बोलली का. आठवड्याला वजन. दोन-तीन महिने द्या. औषधं आवरली, दुखणं थांबलं, खुर्ची बदलली, कोणीतरी रोज जवळ बसलं, आणि तरी ती चालली नाही, असंही होऊ शकतं. तेव्हा मनावरचे उपाय सोडू नका. चालणं परत आलं नाही तरी डिप्रेशन ओसरलेले पेशंट मी बघते. उद्दिष्ट फक्त बदलतं: पलंगावरून खुर्चीत येताना स्वतःच्या पायांवर क्षणभर भार घेता यावा, म्हणजे तिला उचलावं लागणार नाही आणि पाठीला जखमा होणार नाहीत. आणि व्हीलचेअर रोज व्हरांड्यात गेली की नाही, याची चौथी नोंद त्याच वहीत.